सत्तर लिटरची सॅक आणि एक जास्तीचा 'एच'

पत्र:

ताई, मी खानापूर तालुक्यातली. वय २७. बी.कॉम. करून बेळगावात, उद्यमबागेतल्या एका कारखान्यात अकाउंट्स बघते. टिळकवाडीत मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते, शनिवारी गावी जाते. दिवाळीनंतर नोकरी बदलतेय आणि मध्ये पाच आठवडे मोकळे मिळतायत. एकटीने सॅक पाठीवर टाकून थायलंड, लाओस, व्हिएतनाम, कंबोडिया आणि जमलं तर बाली करायचं आहे. एक लाख साठ हजार साठवलेत. तयारीची यादी अकरा पानं झाली. सॅक साठ लिटरची घेऊ की सत्तर? पासपोर्ट अजून काढलेला नाही. आधारवर आणि दहावीच्या मार्क्सकार्डावर नावाचं स्पेलिंग वेगळं आहे, ते चालेल ना? ओळखीतला एक मुलगा म्हणतो, कंबोडियात महिनाभर डेटा एन्ट्रीचं काम मिळतं, राहणं-खाणं त्यांचं, सगळा खर्च निघून येतो. घरी अजून बोलले नाही. आई म्हणेल, आधी लग्न कर आणि मग नवऱ्याबरोबर कुठे जायचं ते जा. बाबा काही म्हणणार नाहीत, पण आठवडाभर नीट जेवणार नाहीत. मला 'तू' म्हटलंत तरी चालेल.

बिऱ्हाडवाली, खानापूर

उत्तर:

बिऱ्हाडवाली,

अकरा पानांत पासपोर्ट कितव्या पानावर आहे ते आधी सांग बघू. पत्रात तो सॅकच्या नंतर आला, म्हणून विचारते. सॅक निघायच्या आदल्या महिन्यात घेतलीस तरी काही बिघडत नाही. पासपोर्टचं काम मात्र या आठवड्यात सुरू व्हायला हवं, आणि त्याच्याही आधी ते स्पेलिंग.

नाही, चालणार नाही. आपल्या सीमाभागात हा घोळ घरोघरी आहे. मराठी शाळेत मास्तरांनी 'सविता' इंग्रजीत लिहिताना नुसता 'टी' लावला, पुढे आधार काढणाऱ्याने कानडी वळणाने 'टी'ला 'एच' जोडला. वैशालीचं तेच: एका कागदावर 'व्ही-ए-आय', दुसऱ्यावर 'व्ही-वाय'. त्यात कुणाचं आडनाव पुढे, कुणाचं मागे, कुणाच्या वडिलांच्या नावाचं फक्त आद्याक्षर. गावातल्या बँकेत हे खपतं, कारण काउंटरवरचा माणूस तुझ्या बाबांना ओळखतो. विमानतळावर तुला कुणीच ओळखत नाही. जिल्ह्याच्या नावाची काळजी तेवढी सोड. १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं सरकारी नाव बदललं, त्यामुळे जुन्या दाखल्यांवर एक आणि नव्यांवर दुसरं असणारच, आणि ते सगळ्यांना ठाऊक आहे. अडतं ते स्वतःच्या नावावर.

दहावीचं मार्क्सकार्ड हा पाया धर आणि आधार त्याच्याप्रमाणे दुरुस्त करून घे. उलटं करायला जाऊ नकोस, बोर्डाच्या कागदावर नाव बदलणं हा फार लांबचा रस्ता आहे. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तेव्हा केंद्रात पावती हातात आली की तिथेच उभी राहून एकेक अक्षर वाच. मग पॅन आणि बँकेचं कार्ड त्याच नावावर आण. पासपोर्टच्या अर्जात आडनावाचा रकाना वेगळा असतो. तो रिकामा ठेवून सगळं नाव वरच्या रकान्यात कोंबणारे आपल्याकडे बरेच आहेत. एकेरी नावाच्या पासपोर्टवर काही देश आतच घेत नाहीत, अमिरातीने २०२२ पासून पर्यटकांसाठी तसा नियमच केला आहे.

अर्ज ऑनलाइन करायचा. साध्या ३६ पानी पासपोर्टला १५०० रुपये, तत्काळला वर आणखी २०००. बेळगावच्या मुख्य पोस्टात पासपोर्ट केंद्र आहे, तिथली तारीख फार लांबची मिळाली तर हुबळीचं बघ. एजंटाची गरज नाही. पत्ता मात्र विचार करून घाल. पोलीस पडताळणी सध्याच्या पत्त्यावर होते. गावचा पत्ता टाकलास आणि पोलीस मंगळवारी आले, तर तू टिळकवाडीत आणि घरी आजी, असं होणार. जिथे खरोखर राहतेस तोच पत्ता दे. भाडेकरार नोंदणीकृत लागतो, घरमालक कां-कूं करत असतील तर त्यांच्याशी आत्ताच बोलून घे. दिवाळीला चार महिने आहेत, वेळ पुरेल, पण 'बघू पाऊस उघडल्यावर' म्हणालीस तर पुरणार नाही.

आता तो मुलगा. त्याला काय सांगायचं ते मी तुझ्यावर सोडते, पण ते काम घ्यायचं नाही. महिनाभराचंही नाही, आठवडाभराचंही नाही. कंबोडिया, म्यानमारची थायलंडलगतची हद्द आणि लाओसमधला गोल्डन ट्रँगलचा पट्टा, या भागांत डेटा एन्ट्रीच्या नावाने पोरांना बोलावतात, पासपोर्ट काढून घेतात आणि तारेच्या कुंपणाआड बसवून लोकांना फोनवरून, चॅटवरून फसवायच्या कामाला जुंपतात. नाही म्हणणाऱ्याला मारहाण होते, सुटकेसाठी घरच्यांकडे पैसे मागतात. मार्च २०२५ मध्ये अशा अड्ड्यांतून सुटलेल्या पाचशेहून अधिक भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणावं लागलं. त्यातल्या अनेकांना नेणारा माणूस ओळखीतलाच होता. तुझ्या ओळखीतला तो मुलगा कदाचित स्वतःही फसला असेल, माणसं आणून देणाऱ्याला सोडतो असंही तिथे सांगतात. शिवाय टुरिस्ट म्हणून जाऊन पगारी काम करणं या सगळ्या देशांत बेकायदा आहे. हॉस्टेलमध्ये चादरी बदलून फुकट राहायची ऑफरसुद्धा त्यात येते, ती कितीही गोड वाटली तरी.

याचा दुसरा परिणाम तुझ्यावर आपल्याच विमानतळावर होईल. बँकॉकला पहिल्यांदाच एकटी निघालेली तरुण मुलगी दिसली, की इमिग्रेशनचा अधिकारी चार प्रश्न जास्त विचारतो. कशाला निघालीस, कुठे उतरणार, पैसे किती, परत कधी. चिडू नकोस, ते प्रश्न याच फसवणुकीमुळे आलेत. परतीचं तिकीट, पहिल्या तीन रात्रींचं बुकिंग, विमा आणि बँकेचं स्टेटमेंट छापून एका फायलीत ठेव आणि एका वाक्यात सांग, फिरायला चाललेय. मैत्रिणीची चुलत बहीण तिकडे असते वगैरे फाटे फोडायचे नाहीत.

पाच आठवड्यांत पाच देश म्हणजे पाच विमानतळ, पाच चलनं, पाच वेळा रांगा. बाली काढून टाक, ती वेगळी सहल आहे. कंबोडियाही यावेळी राहू दे. मनात असेल ते अंगकोर वाट हजार वर्षांपासून नाही तरी नऊशे वर्षांपासून उभं आहे, पुढच्या खेपेला भेटेल. उरले तीन, आणि त्यांची एक छान सरळ वाट होते. बँकॉक, तिथून ऐंशी किलोमीटरवर अयुथ्या, मग रात्रीच्या रेल्वेने चियांग माई. पुढे चियांग राय, चियांग खोंगजवळ मेकाँगवरच्या पुलाने लाओसमध्ये, आणि हुआय साय गावातून संथ होडी. ही होडी दोन दिवस मेकाँगमधून खाली जाते, रात्री पाकबेंगला थांबते आणि दुसऱ्या संध्याकाळी लुआंग प्राबांगला सोडते. लाकडी बाक, एक पुस्तक, दोन्ही काठांना डोंगर आणि काही म्हणजे काही करायचं नाही. सगळ्या वाटेत मला हेच सगळ्यात जास्त आवडलं, तेव्हा घाईत असलीस तरी हे वगळू नकोस. लुआंग प्राबांगहून हनोईला बसही जाते, जवळपास चोवीस तास घाटातून. आपण चोर्ल्यात आणि रामनगरच्या रस्त्यावर पुरेसे खड्डे खाल्लेत, तिथे विमान घे. हनोईपासून निन्ह बिन्ह आणि मग रेल्वेने दक्षिणेकडे. हनोई ते सायगाव ही रेल्वे १७२६ किलोमीटरची आहे, तुकड्यातुकड्याने कर. सायगाव, म्हणजे आताचं हो ची मिन्ह शहर, तिथून मुंबईला थेट विमानं आहेत. जाताना बँकॉक आणि येताना सायगाव असं तिकीट काढ, मागे वळून यावं लागत नाही.

दिवाळीनंतर निघतेस, ते हवामानाच्या हिशेबाने बरोबर आहे. नोव्हेंबर ते जानेवारी उत्तर थायलंड आणि लाओस कोरडे आणि थंड असतात. फेब्रुवारीनंतर तिकडे शेतं आणि रानं जाळतात, धुराने डोंगर दिसेनासे होतात. व्हिएतनामचा मधला किनारा मात्र उलटा चालतो. हुए, होई आन भागात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जोरदार पाऊस आणि पूर. तू तिथे डिसेंबरमध्ये पोचशील, तोवर बरंच ओसरलेलं असेल. खानापूरच्या मुलीला भिजायचं कौतुक मी काय सांगणार.

व्हिसाचं असं. थायलंडने नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसामाफी दिली आणि जुलै २०२४ मध्ये मुदत साठ दिवसांची केली. या सवलती सरकार बदलतं तशा बदलतात, म्हणून तिकिटाचे पैसे भरायच्या दिवशी त्यांच्या दूतावासाच्या साइटवर पुन्हा बघ. १ मे २०२५ पासून तिथे उतरण्याआधी तीन दिवसांत ऑनलाइन आगमन पत्रक भरावं लागतं. ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नाही, लगेच बंद कर. लाओसचा व्हिसा सीमेवर मिळतो, साधारण ४० डॉलर आणि फोटो लागतो. नोटा कोऱ्या ने, चुरगळलेली किंवा पेनाने खूण केलेली नोट ते परत करतात. व्हिएतनामचा ई-व्हिसा घरूनच काढ, एकेरी प्रवेशाला २५ डॉलर, नव्वद दिवसांपर्यंत. त्याच्या अर्जात कुठल्या विमानतळावरून किंवा नाक्यावरून आत येणार ते लिहावं लागतं, आणि नाव पासपोर्टवर छापलंय अगदी तसंच. तिथे पुन्हा तो 'एच' भेटेल. अर्ज नामंजूर झाला तरी पैसे परत येत नाहीत.

पैसे पुरतील का? तीन देशांत पुरतील, पाचांत नसते पुरले. दिवसाला सरासरी अडीच हजार धर, म्हणजे हॉस्टेलचा पलंग, रस्त्यावरचं जेवण, बस-रेल्वे आणि एखादं तिकीट. पस्तीस दिवसांचे साडेसत्त्याऐंशी हजार. विमानाची तिकिटं पस्तीस-चाळीस हजार, व्हिसे सहा हजारांच्या आसपास, विमा आणि लशी आणखी काही हजार. वीस हजार उरतात. ते उरलेले नाहीत असं समज आणि वेगळ्या खात्यात टाक. आजारी पडलीस, फोन हरवला, घरून बोलावणं आलं तर ते तिकिटाचे पैसे.

अकाउंट्सवाल्या मुलीला मी हिशेब शिकवत नाही, पण काही गोष्टी पुस्तकात नसतात. आपल्या कार्डांवर परदेशातला वापर मुळात बंद असतो, बँकेच्या ॲपमध्ये जाऊन तो चालू करावा लागतो, आणि मर्यादाही तिथेच ठरवता येते. दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डं घे, एक पाकिटात आणि एक सॅकच्या तळाशी. तिथल्या एटीएमवर 'रुपयांत हिशेब करू का' असं विचारतात. नाही म्हणायचं, नेहमी तिथल्या चलनातच. रुपयांत करून देणारा मधला दर स्वतःचा लावतो. थायलंडची एटीएम प्रत्येक वेळी दोनशेहून जास्त बाट शुल्क घेतात, तेव्हा रोज पाचशे-पाचशे काढत बसू नकोस. आणि व्हिएतनामची वीस हजारांची नोट आणि पाच लाखांची नोट, दोन्ही निळ्या. संध्याकाळच्या अंधारात रिक्षावाल्याच्या हातात पाच लाख गेले की ते गेले. त्या पाच लाखाला आपले सोळा-सतराशे रुपये होतात, म्हणजे हृदयविकाराचा झटका यायला नको, पण एका दिवसाचा राहायचा खर्च तरी आहेच. मोठ्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेव.

आपलं सिम फोनमध्ये राहू दे, ओटीपी त्याच्यावरच येणार. इंटरनेटसाठी तिथलं सिम किंवा ई-सिम. रोमिंगमध्ये मेसेज येतात का ते बेळगावातच कंपनीला विचार, बँकॉकच्या काउंटरवर उभी राहून नको.

सॅक. साठही नको, सत्तरही नको. चाळीस लिटर. स्वस्त विमान कंपन्या केबिनमध्ये सात किलो नेऊ देतात, साठ लिटरच्या सॅकमध्ये चौदा आपोआप भरतात आणि मग प्रत्येक विमानाला तू सामानाचे पैसे भरत बसतेस. भरलेली सॅक किराणा दुकानाच्या काट्यावर ठेव. मग पाठीवर घेऊन एका रविवारी येळ्ळूरहून राजहंसगड चढून उतर. खाली आल्यावर जे जे नकोसं झालं असेल ते घरी काढून ठेव. अकरा पानांतली नऊ इथेच संपतील. कपडे चार दिवसांचे पुरे, तिथे कपडे किलोवर धुऊन मिळतात. देवळांत खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, एक पातळ ओढणी सगळीकडे चालते. पॉवर बँक चेक-इनच्या सामानात चालत नाही, जवळच ठेवायची. वीस हजारांची चालते, सत्तावीस हजार एमएएचच्या वरची नेऊ नकोस. पॅड तिथे सगळीकडे मिळतात, त्यांनी अर्धी सॅक भरू नकोस.

तू खानापूर-बेळगाव स्कूटरवर करत असशील, म्हणून हे जरा सविस्तर सांगते. थायलंडमध्ये स्कूटर भाड्याने मिळते, आणि आपल्या आरटीओकडून काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना तिथे चालतो. व्हिएतनाममध्ये तो चालत नाही. आपला परवाना १९४९ च्या जिनिव्हा कराराखालचा, आणि व्हिएतनाम मानतं तो १९६८ च्या व्हिएन्ना कराराखालचा. भाड्याने गाडी देणारा हे सांगणार नाही, त्याला पैशाशी मतलब. पोलिसांनी पकडलं तर दंडावर निभावेल. पडलीस आणि पाय मोडला, तर विमा कंपनी पहिल्यांदा परवाना विचारते, आणि तिथे संपतं. उत्तर व्हिएतनाममधल्या 'हा ज्यांग' भागातल्या डोंगरांतली ती प्रसिद्ध स्कूटरफेरी तुझ्या यादीत असणारच. ती कर, पण तिथल्या चालकाच्या मागे बसून. थोडे पैसे जास्त जातात, पण दरी बघायला दोन्ही डोळे मोकळे राहतात.

दारूबद्दल. तू घेतेस की नाही हे मी विचारत नाही आणि घरी कळवतही नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये लाओसच्या वांग व्हिएंग गावात मिथेनॉल मिसळलेल्या दारूने सहा परदेशी पर्यटक गेले, त्यातले बरेच तुझ्यापेक्षा लहान. हॉस्टेलमध्ये फुकट म्हणून देतात त्या छोट्या ग्लासांना हात लावायचा नाही, बादलीतल्या पेयांनाही नाही. घ्यायचीच तर डोळ्यांसमोर उघडलेली बिअर.

लशींसाठी निघण्याच्या दोन महिने आधी डॉक्टरांना भेट. टायफॉइड, हिपॅटायटिस ए आणि धनुर्वात हे विषय काढ, रेबीजचंही विचार. कुत्रा किंवा देवळातलं माकड चावलं तर पंधरा मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखाना. हॉस्टेलवाले 'काही होत नाही' म्हणाले तरी. नेहमीची औषधं असतील तर डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट मूळ पाकिटात ने. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध घरीच ठेव.

जेवणाचं तू काही लिहिलं नाहीस. शाकाहारी असशील तर भाजीच्या ताटातही माशाचं पाणी असतं हे धरून चाल. थायलंडमध्ये पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरं दिसली की तिथे शुद्ध शाकाहारी मिळतं, कांदा-लसूणही नसतो. घरून शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट एवढं ने, भातावर कुठेही चालतं. आई कुंदा बांधून देईल. तो दोन दिवसांत बँकॉकमध्येच वाटून खाऊन टाक, उन्हात टिकत नाही. करदंट टिकतं, पण त्यात बऱ्याचदा खसखस असते. तिकीट सिंगापूर किंवा दुबईवरून असेल तर खसखशीचा दाणाही नको, तिथे ती अमली पदार्थांत मोडते. कुणी 'तिकडच्या आपल्या माणसाला दे' म्हणून निपाणीचा तंबाखू हातात दिला, तर तोही नको. सिंगापुरात खायचा तंबाखू नेणं गुन्हा आहे. कुणाचंच बंद पाकीट घ्यायचं नाही, मामाचंही नाही.

आता घरचं. हे शेवटी घेतलं, कारण पासपोर्ट हातात येण्याआधी तू हा विषय काढावास असं मला वाटत नाही. पोलीस पडताळणीचं घरी कळलं आणि त्यांनी विचारलं, तर सांग, काढून ठेवतेय. ते खरंच आहे. पासपोर्ट आला, तिकिटांचे भाव बघून झाले, की तिकीट काढण्याआधी सांग. काढल्यावर सांगितलंस तर आईला ते न विचारता केलेलं वाटेल, आणि तिचं चूक नसेल. लग्नावरून वाद घालू नकोस. त्या वादात दोघी वीस वर्षांपूर्वीपर्यंत मागे जाल आणि थायलंड बाजूलाच राहील. 'परत आल्यावर बोलू, आत्ता हे बघ' एवढंच म्हण आणि नकाशा पुढे ठेव.

बाबांना काम दे. न बोलणाऱ्या माणसाची काळजी हाताला काम मिळालं की कमी होते. पासपोर्ट, व्हिसा, विमा, तिकिटं यांच्या प्रती त्यांच्याकडे ठेव. बँकॉक, व्हिएनतिआन आणि हनोई इथल्या भारतीय दूतावासांचे नंबर त्यांच्याच हाताने वहीत लिहून घे. कुठल्या तारखेला कुठल्या गावी, हे कच्चं वेळापत्रक भिंतीवर लाव. तिन्ही देश आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहेत. तुझ्या रात्री साडेनऊला, म्हणजे घरी आठला, रोज एक मेसेज. फोन आठवड्यातून दोनदा. फोनवर चोवीस तास तू कुठे आहेस हे दाखवत राहायचं कबूल करू नकोस. होडीत दोन दिवस रेंज गेली की तो ठिपका अडकून बसतो आणि अख्खी गल्ली तुमच्या घरी जमते. कुठल्या रात्री मेसेज येणार नाही, ते आदल्या दिवशी सांगत जा.

निघण्याचा दिवस. आपल्या बेळगावच्या सांबरा विमानतळावरून परदेशी विमान नाही. गोव्यातून काही जातात, पण बँकॉकसाठी बंगळूर आणि मुंबईतून पर्याय भरपूर. मी बंगळूर म्हणेन. ऑगस्ट २०२५ पासून बेळगावहून वंदे भारत आहे, पहाटे निघून दुपारी बंगळुरात पोचते. स्टेशनहून विमानतळ देवनहळ्ळीला, पस्तीस किलोमीटर, आणि संध्याकाळच्या गर्दीत ते कितीही तासांचे होतात. तरी मध्यरात्रीच्या विमानाला वेळ हाताशी राहतो. मध्यरात्रीच्या विमानाची एक गंमत असते. तिकिटावर १६ तारीख आणि वेळ ००.४० असेल, तर तुला विमानतळावर १५ च्या रात्री नऊला असायचं आहे. १६ च्या रात्री जाऊन बंद काउंटरसमोर उभी राहिलेली माणसं दर आठवड्याला सापडतात. त्या विमानाने तू सकाळी बँकॉकला उतरशील. नवीन शहरात उजेडात पोचायचं, हा नियम शेवटपर्यंत पाळ, बससाठीही.

सुवर्णभूमी विमानतळावर उतरलीस की टॅक्सीवाल्यांच्या घोळक्यातून सरळ खाली तळमजल्याखाली जा. तिथे शहरात जाणारी रेल्वे आहे, शेवटच्या स्टेशनला ४५ बाट, आणि तिथल्याच खिडक्यांवर चलनाचा दर वरच्यापेक्षा बरा मिळतो. पहिल्या तीन रात्रींचं बुकिंग मुलींच्या खोलीत कर. त्यापुढचं काहीही बुक करू नकोस. पहिले तीन दिवस घट्ट बांधलेले आणि बाकीचे सैल, एवढीच खरी योजना लागते. राजवाड्याबाहेर एखादा गोड माणूस सांगेल, आज बंद आहे, चल तुला दुसरं देऊळ दाखवतो, टुकटुक स्वस्त आहे. बंद नसतं. ती टुकटुक रत्नांच्या दुकानात जाऊन थांबते. तू बेळगावच्या रविवार पेठेत दोन भाषांत घासाघीस करत वाढलीस, हे एक तुला कुणी शिकवायला नको. अनोळखी भाषेत बोटांवर भाव करणं आपल्याकडच्या पोरांना पुण्या-मुंबईच्या पोरांपेक्षा बरं जमतं, हे मी स्वतः पाहिलंय.

दुसऱ्या किंवा तिसऱ्या संध्याकाळी तुला रडू येईल. उकाडा, पाय दुखतायत, खोलीतल्या मुली दुसऱ्याच भाषेत हसतायत, आणि हे सगळं कशाला केलं असं वाटेल. जवळजवळ सगळ्यांना वाटतं. त्या संध्याकाळी घरी फोन करू नकोस, आई 'ये परत' म्हणेल आणि तू येशील. तिसऱ्या दिवशीच्या सकाळसाठी आधीच काहीतरी पैसे भरून ठेव, स्वयंपाकाचा वर्ग किंवा अयुथ्याची सायकल फेरी, जिथे चार माणसांबरोबर जाणं भाग आहे. दहाव्या दिवशीही तेच वाटत असेल तर मात्र खुशाल परत ये, त्यासाठीच तारीख बदलता येणारं तिकीट काढ. थोडं महाग पडतं, तुझ्या त्या वीस हजारांतून घाल.